घंगाळातला गणपती

ही मी तरुण असतानाची गोष्ट आहे. तरुण म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न. आता सत्तरी ओलांडून बसले आहे, तिथून मागे बघितलं की ती बाई अगदी पोरसवदा दिसते. खांद्याला कापडी पिशवी, पर्समध्ये स्टीलचा पेला आणि तोंडाचा पट्टा चालू. रस्त्यात समोरून आली तर मी पदर तोंडावर घेऊन पलीकडच्या बाजूने जाईन.

त्या वर्षी मला पर्यावरण झालं होतं. कुणाला साखर होते, कुणाला संधिवात होतो, तसं मला ते झालं. आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या महिला मंडळात एका मुलीने येऊन पडद्यावर चित्रं दाखवली. गायीच्या पोटातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, नदीवरचा फेस. मी रडले. घरी आले, आणि माझं रडणं थांबल्यावर घरच्यांना रडवायला घेतलं.

यांच्या दोन चांगल्या पँटी कापून पिशव्या शिवल्या. "अगं, त्यातली एक मी लग्नाला घालणार होतो," हे म्हणाले. "मग आता हातात धरून जा," मी म्हटलं. गॅलरीत माठ ठेवून त्यात ओला कचरा साठवला. खत व्हायच्या आधी त्यात अळ्या झाल्या, आणि त्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांवर उतरल्या. भांडी रिठ्याने घासायला लावली म्हणून कामवाली रुसून बसली. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मी बादल्यांत धरून ठेवायचे, त्यामुळे आमच्या घरात माणूस एका बादलीला अडखळून दुसरीत पाय घालायचा.

या सगळ्यात आत्याबाई गप्प होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला हीच हाक. माहेर सटाण्याकडचं, सासर देवळ्याचं, आणि सासरे गेल्यापासून मुक्काम आमच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत. पंच्याऐंशीच्या पुढच्या होत्या. एरवीचं बोलणं साधं, गावाकडचं. राग आला की मात्र अहिराणीत शिरायच्या. तांदळाचं धुवण तुळशीला, निर्माल्य कुंडीत, फाटक्या लुगड्याचं पायपुसणं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. फक्त त्याला काही भारदस्त नाव असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

त्या स्वतःसाठी कधी काही मागत नसत. वर्षातून एकदाच नटायच्या, अनंत चतुर्दशीला, गणपती पोचवायला गंगेवर जायचं असायचं तेव्हा. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. त्या दिवशी दुपारपासूनच हिरवं नऊवारी नेसून, रुमालात मुरमुरे-फुटाण्यांची पुरचुंडी बांधून तयार. मूर्ती पाण्यात सोडायची ती यांनी. आत्याबाई घाटाच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायच्या, मुरमुरे खायच्या, आणि आम्ही "चला आता" म्हटलं की "थांब की जरा" म्हणायच्या. आम्ही ताटकळायचो. मला वाटायचं, म्हातारीला मूर्ती बुडताना डोळे भरून बघायची असते. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मी एवढंच समजले होते.

तर त्या वर्षी मी जाहीर केलं की आपला गणपती शाडूच्या मातीचा आणणार आणि विसर्जनही घरीच, घंगाळात. मूर्ती रातोरात विरघळते, माती कुंडीत घालायची, तिच्यात रोप लावायचं. मंडळात तर मी यावर छोटं भाषणच ठोकलं. शाडूची मूर्ती कशी ओळखावी, हेसुद्धा सांगितलं. जड असते, रंग फिके असतात, अंगावर चकाकी नसते. सगळं त्या मुलीचं ऐकून. मी स्वतः तोवर शाडूची मूर्ती हातातही धरली नव्हती.

मग गेले मैदानावरच्या गाळ्यांवर. शाडूचे गणपती एका बाजूला मांडले होते, बिचारे मातकट, मुकाट बसलेले. आणि मधोमध एक मोरावर बसलेला, सोनेरी मुकुटाचा, गालावर लाली असलेला असा काही देखणा होता की माझे पाय तिथेच रुतले.

"शाडूचाच ना?" मी विचारलं.

"मॅडम, आपला सगळा माल इको-फ्रेंडली," गाळेवाला म्हणाला, आणि मान दुसरीकडे वळवली.

यांनी मूर्ती उचलली. "अगं, फारच हलकी आहे ही."

"माती उंची असली की हलकीच असते," मी म्हणाले.

लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी. उंची माती! जसा काही बासमती घेत होते.

अनंत चतुर्दशीला दुपारी मी महिला मंडळाला घरी बोलावलं. बघू देत सगळ्यांना. हॉलमध्ये रांगोळी, मध्ये आत्याबाईंचं पितळी घंगाळ चिंचेने लखलखीत घासलेलं, पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. आरती झाली, उत्तरपूजा झाली, दहीपोह्यांचा नैवेद्य झाला. यांनी अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्याबाई आल्या. हिरवं नऊवारी, हातात पुरचुंडी, आणि पायांत चपला. घरात चपला!

"निघायचं ना?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना आधी सांगितलं होतं. पण सांगितलं होतं म्हणजे काय, तर जाता-येता, हातात फडकं असताना, "यंदा घरीच हं" असं हवेत सोडलं होतं. आता सगळ्या बायका बघत होत्या. आणि मी त्या बायकांकडे तोंड करून, हसत म्हणाले, "आमच्या आत्याबाई अजून नदी घाण करायच्याच मताच्या आहेत बाई. यांना कोण समजावणार?"

बायका हसल्या. वाईट मनाने नाही, आपण हसतो तशा. आत्याबाई भिंतीला धरून वाकल्या, एकेक चप्पल काढली, आणि दोन्ही चपला हाताने उचलून दारामागच्या रॅकमध्ये आत सरकवून ठेवल्या. मग खोलीत गेल्या. मला ते दिसलं, पण फोटो काढायची घाई होती. 'निरोप घरच्या घरी' असं लिहून मी तो ग्रुपवर टाकला आणि जाताना प्रत्येकीला वचन दिलं की दोन दिवसांत मूठ-मूठ माती प्रसाद म्हणून मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंगाळावरचं फडकं उचललं. बाप्पा जसेच्या तसे. मोरसुद्धा.

"थंडीने उशीर लागत असेल," मी म्हणाले. भाद्रपदात.

तिसऱ्या दिवशी मुकुटाचं सोनं सुटून पाण्यावर तरंगायला लागलं. मोराचा निळा आणि सोंडेचा गुलाबी मिसळून पाणी जांभळं झालं. मूर्ती पांढरी पडली, पण झिजेल तर शपथ. डोळे तेवढे शाबूत होते. येता-जाता ते डोळे माझ्याकडे बघायचे. हे म्हणाले, "दर वर्षी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचो. हा गडी गेलाच नाही." मी ऊन पाणी ओतून बघितलं. शेवटी कोणी नाही असं बघून उलथन्याने जरा ढोसलं. मागून आवाज आला, "देव शे तो, भाजी नही!"

अहिराणी. म्हणजे राग होता. मी उलथनं लपवलं, पण लपवणार कुठे, हात जांभळा.

इकडे मंडळातल्या बायकांचे निरोप सुरू. "ताई, माती कधी?" "ताई, मी जास्वंदीची फांदी आणून ठेवलीय." मी उत्तर द्यायचे, "अजून गाळ बसतोय."

यांनी मग कुणाला तरी विचारून प्लॅस्टरची मूर्ती विरघळवायची पावडर आणली. तोवर घरात 'प्लॅस्टर' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. यांनी पुडा ओट्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "उंची मातीसाठी आहे." पावडर पाण्यात पडली आणि बाप्पा फसफसायला लागले, आणि घरात वास सुटला. कसला वास ते मी गणपतीच्या नावापुढे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की खालच्या वहिनी वर येऊन नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वहिनी, ड्रेनेज तुंबलंय का हो तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणाले, "पूजा चालू आहे."

आणि पितृपक्ष लागला होता. सासऱ्यांची तिथी पंचमीची. त्या दिवशी आत्याबाई स्वतः पान वाढायच्या. खीर, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी आम्ही करायची, पण पान त्यांच्या हातचं, आणि गच्चीवर कावळ्याला हाक त्यांची. त्या हाकेला कावळा यायचा म्हणजे यायचाच. सासरे गेल्यापासून एकही वर्ष त्यांनी हे चुकवलं नव्हतं. तापात असतानासुद्धा भिंत धरून गच्चीवर गेल्या होत्या.

चतुर्थीला संध्याकाळी मी डाळ भिजत घालायला घेतली, तर त्या दारात येऊन म्हणाल्या, "डाळ नको भिजवू. मी पान वाढणार नाय."

हे पेपर खाली ठेवून उठले. "आई, असं काय? बाबांचं पान आहे."

"नाय म्हणलं ना. देव घरात आंबतोय आन् मी पितरांना बोलवू? कुठं बसवू त्यांना? त्या वासात?"

यांचा चेहरा उतरला. आईच्या हातचं पान नाही म्हणजे यांच्या लेखी बाप दारातून उपाशी परत जाणार. हे शिकलेले, नोकरी केलेले, पण या बाबतीत सटाणा-देवळ्याचेच. माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे हे निस्तरायचं होतं मी.

मी निस्तरायला गेले. कसं, तर शास्त्र सांगून. "आत्याबाई, उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, तेव्हाच देव गेला. आता घंगाळात आहे ते नुसतं..." शब्द तोंडात अडकला, पण उच्चारला. "नुसतं प्लॅस्टर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लहानपणी आईचं कुंकू सांडलं होतं तेव्हासुद्धा कुणी तसं बघितलं नव्हतं.

"मला शिकवते? तू जन्मली नव्हतीस तवापासून उत्तरपूजा बघते मी. देव गेला, म्हाईत हाय मला. देवाचं काय, तो बादलीतूनबी जातो. मी नाय ना गेले." त्या खाटेवर बसल्या. "वरसातून एकडाव जायला मिळायचं मला. तेबी तू बायकांम्होरं काढून घेतलं."

मी उभीच. हातात डाळीचं पातेलं.

"तुला वाटलं मला मूर्ती बुडवायची हौस हाय. मूर्तीचं काय करायचंय मला? तुझे सासरे असताना दर गणपतीला गावाहून यायचो, आन् आम्ही दोघं बसायचो त्या पायरीवर. यांच्या शेजारी बसायला मिळायची ती एकच जागा. गावात सासू-सासरे, मग पोरं, मग तू. तिथं कुणी बघत नसायचं." मग जास्त बोलून गेल्याचा स्वतःलाच राग आल्यासारखं म्हणाल्या, "जा, डाळ ठेव तिकडं."

मला पर्यावरणाची इतकी माहिती होती. कासवांची होती, हिमनद्यांची होती. आतल्या खोलीतल्या माणसाची नव्हती.

डाळ मी रात्री भिजवलीच, आणि पंचमीला सकाळी लवकर रिक्षा सांगितली. यांना म्हटलं, "तुम्ही डाळ वाटून ठेवा, आम्ही येतो." आत्याबाई आधी नको म्हणाल्या, मग "थांब" म्हणाल्या, मग हिरवं नऊवारी नेसूनच बाहेर आल्या. रॅकमधून चपला मी काढल्या, त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. त्यांनी घातल्या. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काय मावशी, रामकुंडावर? कुणाचं करायचंय का?" तर म्हणाल्या, "नाय रे बाबा, फिराया चाललेय. सून नेतेय." ते 'सून नेतेय' मला चापटीसारखं लागलं, आणि ते तसंच लागावं म्हणून त्या म्हणाल्या होत्या.

धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आलेलं. पायऱ्यांवर पितरांचे विधी करणाऱ्यांची गर्दी. त्या सगळ्यांच्या कडेने मी त्यांना हाताला धरून त्यांच्या पायरीवर नेलं. त्यांची म्हणजे नक्की कुठली हे मला माहीतच नव्हतं. त्याच म्हणाल्या, "अजून पुढं. हितं." बसल्या. पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले.

पाण्याच्या कडेला, शेवाळात, गणपती अडकून पडले होते. कुणाचा हात, कुणाची सोंड, एक अख्खा पालथा. मी तोंड उघडलं. खरं सांगते, इतकं होऊनसुद्धा मी तोंड उघडलंच होतं. 'बघा आत्याबाई, म्हणूनच मी म्हणत होते' हे वाक्य दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्यांनी पुरचुंडी सोडली. चतुर्दशीची. तशीच्या तशी बांधून ठेवलेली. माझ्या तळहातावर मूठभर मुरमुरे ठेवले.

मी तोंडात टाकले. "सादळलेत."

"मग? किती दिस वाट बघतील?"

खाल्ले आम्ही. चावेनात, तसेच गिळावे लागले. मग मी म्हणाले, "आत्याबाई, माझं चुकलं."

"काय?"

"चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल गं, गंगेचा आवाज लय हाय."

मी मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी धोपटणं थांबवून वर बघितलं. आत्याबाईंनी त्या बायकांकडे बघून मान हलवली, "सून हाय माझी. बोलते लय, पण वाईट नाय." बायका हसल्या. या वेळचं हसणं माझ्यावरचं होतं, आणि आत्याबाईंचे कान बरोबर चालतात हे मला घरातल्या कुणीही सांगितलं असतं.

पालथ्या पडलेल्या त्या गणपतीकडे त्यांनी बोट केलं. म्हणाल्या, "ह्याला कुणी सरळ तरी करा." मी दोन पायऱ्या उतरून, साडी भिजवून, त्याला उचलला आणि निर्माल्याच्या कुंडापाशी नेऊन ठेवला. तो जड होता. प्लॅस्टरच, पण पोटभर पाणी प्यालेलं.

उठायच्या वेळी मी "चला" म्हटलं नाही. त्यांनी आपणहून हात पुढे केला.

दुपारी त्यांनी पान वाढलं. मी घंगाळावर झाकण घालून ते मोरीत नेऊन ठेवलं होतं आणि घरभर धूप फिरवला होता, तरी वास होताच. पितरांनी सांभाळून घेतलं असावं. गच्चीवर कावळ्याने आधी वडा उचलला. हे खाली येऊन डोळे पुसत होते. मी कांद्याचं निमित्त दिलं, पण पितरांच्या स्वयंपाकात कांदा नसतो.

घंगाळात शेवटी पांढरा रगाडा उरला. मंडळाच्या बायका माती मागायला आल्या तेव्हा मी कारण शोधत होते, तर आत्याबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्याच. "माती नाय झाली, चुना झाला," त्यांनी सांगून टाकलं. "भितीला लावायचा आसल तर न्या वाटीभर." त्यानंतर वर्षभर मला सोसायटीत सगळे विचारायचे, "ताई, रंगकाम कधी?"

पुढे त्यांच्या हयातीत चार गणपती झाले. चारही शाडूचे, मातकट, मुकाट, हातात धरल्यावर खांदा भरून येणारे. विसर्जन घंगाळातच. आणि मग आम्ही दोघी, हातात काही नसताना, गंगेवर. ओळखीचं कुणी भेटलं आणि "मूर्ती कुठंय?" म्हणालं, की त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या.

आता त्या नाहीत. त्यांच्या पायरीवर मी बसते. माझी सून गुणाची आहे, नोकरी करून घर बघते, शाडूचा गणपती स्वतः पारखून आणते. हातात घेऊन वजन बघते आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसते. गेल्या वर्षी विसर्जन झाल्यावर म्हणाली, "आई, आज गंगेवर फार गर्दी असेल, पार्किंगही मिळायचं नाही. राहू द्यायचं का यंदा?"

"राहू दे की," मी म्हणाले. "त्यात काय एवढं."

आणि आत जाऊन बसले. मुरमुरे रुमालातच. जन्मभर हे तोंड मी कारणाने आणि कारणाशिवाय चालवलं, आणि 'मला न्या' एवढे दोन शब्द त्यातून निघेनात. ज्या तरुणपणीच्या बाईला मी एवढी हसते, तिला त्या दिवशी आत्याबाईंच्या 'निघायचं ना?' मधलं ते ऐकू आलं नव्हतं. मला तर सगळं माहीत आहे, तरी मी सांगत नाही. मग जास्त लाज कुणी वाटून घ्यावी?

परवा गणपती बसले. मी काही बोललेले नाही अजून. चपला मात्र रॅकमधून काढून दाराशी ठेवल्या आहेत, तोंड बाहेर करून. काल नातीने त्या दोनदा रॅकमध्ये ठेवल्या. मी दोनदा काढल्या.